अनुक्रमे, प्रत्येकी, असल्यास

कर्जत-खालापूरच्या शाळांत सातवीला गणित शिकवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. सुटा गुणाकार झटकन करणारं पोर शाब्दिक उदाहरण आलं की वही कोरी ठेवतं. पोर कातकरी वाडीवरचं असेल तर निदान तयारच असतं: गैरहजेरी. ते खोटंही नाही, दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. पण भट्टीवर मजुरी ठरते हजार विटांमागे, आणि आधी घेतलेली उचल तिच्यातून वळती होते. हा हिशेब ऐकत वाढलेल्या पोराला गुणोत्तर परकं कसं वाटेल?

या प्रश्नाच्या मागे लागलेला शिक्षक प्रबंधासाठी संशोधनाकडे वळतो. रीत साधी आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली ती मांडली. मुलाशेजारी बसायचं आणि क्रमाने पाच गोष्टी सांगायच्या: वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं करशील ते सांग, करून दाखव, उत्तर लिही. अडेल तिथे खूण करायची.

‘तीन मजुरांनी अनुक्रमे २००, ३५० व ४५० विटा पाडल्या. हजारी ८०० रुपये दर असल्यास प्रत्येकी किती मजुरी?’ पोर हे घडाघडा वाचतं आणि ‘अनुक्रमे’पाशी थांबतं. शेजारची मुलगी कातकरीत सांगते, पहिल्याच्या इतक्या, दुसऱ्याच्या इतक्या. मग पेन्सिल चालते: १६०, २८०, ३६०.

कठीण शब्द म्हणून फळ्यावर चढतात ते ‘त्रिज्या’ आणि ‘परिमेय’. ‘अनुक्रमे’ समजावण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

भाषेचा हा अडसर मुंबईतही ओळखला गेला होता. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. विज्ञान शिकताना भाषा कुठे आड येते, यावर त्यांनी काम केलं. कॅनडात जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळ्या काढून दाखवल्या.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर ‘रेशो’ इंग्रजीतून, समजावणी मराठीतून आणि मधल्या सुट्टीतल्या गप्पा कातकरी नाहीतर ठाकरीतून. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने गणित-विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तकं सुचवली, हे बरंच झालं. फक्त त्या दोन भाषा म्हणजे मराठी आणि इंग्रजी, असं आपण परस्पर धरून चालतो.

पोर गणितात अडतं की भाषेत, हे तपासायचं तर दोन प्रश्नपत्रिका हव्यात: एक छापील मराठीतली, दुसरीत आकडे तेच, वाक्यं घरच्या बोलीतली. ही दुसरी वाडीवरच्या आयाबायांना घेऊनच तयार होते. आता प्रबंधावर त्यांची नावं घालायची का, हे मार्गदर्शकांना विचारावं लागतं.