केशोरीचे धान आणि जर्सी सिटीचे विवरणपत्र

अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणारी ऑनलाइन सेवा फुकटची घ्यावी, स्वस्तातली घ्यावी की सल्लागाराला पैसे मोजावेत, हे ठरते करदात्याच्या उत्पन्नाच्या यादीवरून. जाहिरातींना अभिप्रेत असलेल्या करदात्याची यादी छोटी असते: एक नोकरी, एक राज्य, एक बँक. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून, केशोरीसारख्या गावातून निघून न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत स्थिरावलेल्या घराची यादी तशी नसते. पगार हडसन नदीपलीकडच्या मॅनहॅटनमधून येतो. गावाकडच्या बँकेत एखादी मुदत ठेव असते, वडिलांबरोबरचे संयुक्त खाते असते, नोकरीच्या पहिल्या वर्षांत सुरू केलेल्या दोन-तीन एसआयपी असतात आणि सातबाऱ्यावर नाव असलेले धानाचे शेत असते. ही यादी कागदावर उतरवण्याआधी कोणत्याही संकेतस्थळावर खाते उघडू नये. कागदपत्रे भरत शेवटच्या पानापर्यंत गेल्यावर ‘या फॉर्मसाठी वरची योजना घ्या’ असे दिसले की बहुतेक लोक थकून पैसे भरतात, आणि कंपन्यांना ते ठाऊक असते.

यादीच्याही आधी एक प्रश्न सुटावा लागतो. कर कायद्याच्या दृष्टीने हा माणूस अमेरिकेचा रहिवासी आहे की अनिवासी? त्याचा व्हिसाच्या नावाशी थेट संबंध नाही. हिशेब दिवसांचा आहे. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळून १८३ झाले आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम असला, तर माणूस रहिवासी ठरतो. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे दिवस मात्र साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत. तो अनिवासी राहतो आणि त्याचा फॉर्म १०४०-एनआर असतो, रहिवाशांचा १०४० नव्हे. सोबत फॉर्म ८८४३ जोडावा लागतो. वर्षभरात एक डॉलरही कमावला नसला तरी हा ८८४३ पाठवायचा असतो.

विद्यार्थ्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. टर्बोटॅक्स, फ्रीटॅक्सयूएसए यांसारख्या लोकप्रिय सेवा १०४०-एनआर भरत नाहीत. खोलीतला मित्र ‘मी फुकटात भरलं, तूही भर’ म्हणतो, विद्यार्थी रहिवाशाचा फॉर्म भरून मोकळा होतो, आणि शिक्षणासाठीची जी सवलत अनिवासीला मिळत नाही ती घेऊन बसतो. पुढे १०४०-एक्सने दुरुस्ती करून ते पैसे परत करावे लागतात. अनिवासींसाठी स्प्रिंटॅक्स आणि ग्लेशियर टॅक्स प्रेप या सेवा आहेत. कित्येक विद्यापीठे त्यांचे शुल्क स्वतः भरून विद्यार्थ्यांना संकेतांक देतात, म्हणून पैसे मोजण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावे. भारतीय विद्यार्थ्याला आणखी एक हक्क आहे. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या १९८९ च्या करारातील २१ व्या कलमामुळे त्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या अनिवासींना मिळत नाही. एकट्या व्यक्तीसाठी २०२५ सालची ही वजावट १५,७५० डॉलर आहे. निवडलेली सेवा ही वजावट आपोआप लावते का, एवढे तपासले तर अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा बहुतेक संघीय कर वाचतो. न्यू जर्सी राज्य मात्र असे करार मानत नाही. राज्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

रहिवासी ठरलेल्यांसाठी फुकट सेवांचे मोठे दार म्हणजे फ्री फाइल. अमेरिकेचे कर खाते, म्हणजे आयआरएस, आणि खासगी सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यात २००२ मध्ये करार झाला आणि २००३ च्या हंगामापासून ही योजना चालू आहे. त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कंपन्यांनी संघीय विवरणपत्र विनामूल्य भरू द्यायचे असते. २०२४ च्या उत्पन्नासाठी ही मर्यादा ८४,००० डॉलर होती. ती दर वर्षी बदलते. प्रत्येक कंपनीच्या वयाच्या, राज्याच्या आणि उत्पन्नाच्या अटी आणखी वेगळ्या असतात. या योजनेत शिरायचा रस्ता आयआरएसच्या संकेतस्थळावरून आहे. कंपनीचे नाव शोधयंत्रात टाकून थेट तिच्या पानावर गेले तर समोर येते ती तिची व्यापारी योजना, फ्री फाइल नव्हे. ज्यांचे उत्पन्न मर्यादेपलीकडे आहे त्यांच्यासाठी त्याच ठिकाणी कोरे ऑनलाइन फॉर्म असतात. ते कोणालाही विनामूल्य भरता येतात, पण त्यांत मार्गदर्शन जवळजवळ नसते आणि राज्याचे विवरणपत्र नसते.

‘फ्री’ या शब्दावर अमेरिकेत वर्षानुवर्षे भांडण झाले आहे, आणि ग्राहकाने ते लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की टर्बोटॅक्सची मालक कंपनी इन्ट्युइट आपले फ्री फाइलचे पान शोधयंत्रांपासून दडवत होती. एच अँड आर ब्लॉक २०२० मध्ये आणि इन्ट्युइट २०२१ मध्ये या योजनेतून बाहेर पडल्या. ‘फुकट’ म्हणून बोलावून नंतर पैसे घेतल्याच्या तक्रारींवर २०२२ मध्ये इन्ट्युइटने सर्व ५० राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी यांच्याशी १४ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. टर्बोटॅक्सची स्वतःची मोफत आवृत्ती आजही आहे, पण जाहिरातीच्या बारीक अक्षरांत कंपनीच सांगत आली आहे की साधारण ३७ टक्के करदातेच तिला पात्र असतात. सरकारने स्वतः सेवा द्यावी, हा प्रयोगही झाला. डायरेक्ट फाइल २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू झाली, २०२५ मध्ये न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क धरून २५ राज्यांत पोहोचली, आणि २०२६ च्या हंगामाआधी बंद करण्यात आली. ज्या देशात कर भरणे हे कर्तव्य आहे तिथे तो हिशेब कळवण्याची सरकारी, विनामूल्य वाट असायला हवी होती. ती मिटली याचे दुःख अल्प पगाराच्या स्थलांतरितालाच जास्त होते.

एक वाट माणसांची आहे. विटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयआरएसच्या योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवक वाचनालयांत आणि सामाजिक केंद्रांत समोर बसून विवरणपत्र भरून देतात, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५ च्या हंगामात साधारण ६७,००० डॉलर) उत्पन्न असलेल्यांना. काही केंद्रांवर परदेशी विद्यार्थ्यांच्या फॉर्मचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकही असतात. इंग्रजीत करविषयक भाषा वाचायची धास्ती वाटणाऱ्या घराला हे केंद्र कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी पडते.

स्वस्त सेवांची खरी किंमत राज्याच्या विवरणपत्रात असते. फ्रीटॅक्सयूएसए संघीय विवरणपत्र फुकट भरते आणि प्रत्येक राज्यामागे १५ डॉलरच्या आसपास घेते. काही कंपन्या त्याहून कितीतरी जास्त घेतात. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्याला दोन राज्ये येतात. न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ आणि न्यू जर्सीला रहिवासी म्हणून एनजे-१०४०. क्रम महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कचे विवरणपत्र आधी पूर्ण करून तिथे भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सीत मागायची असते. उलट क्रमाने भरले की आकडे जुळत नाहीत. न्यू जर्सीची स्वतःची मोफत ऑनलाइन सेवाही आहे. सेवांची तुलना करताना म्हणून संघीय अधिक दोन राज्ये अशी एकूण रक्कम मांडावी, पहिल्या पानावरचा शून्य पाहून भुलू नये.

गावाकडचा पैसा मधे आला की निवड अवघड होते. अमेरिकेचा रहिवासी जगभरातल्या उत्पन्नावर तिथे कर भरतो. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. शेतीचे उत्पन्नही तसेच. अर्जुनी मोरगाव तालुका धानाचा. केशोरी परिसरातली जमीन नावावर असेल, ती ठेक्याने दिली असेल आणि रक्कम एनआरओ खात्यात येत असेल, तर भारतात त्यावर कर नसला तरी अमेरिकेत ते उत्पन्न दाखवावे लागते. रोख ठेका शेड्यूल ई मध्ये जातो; बटईने मिळणारा पिकाचा हिस्सा, मालक स्वतः शेतीत लक्ष घालत नसेल तर, फॉर्म ४८३५ मध्ये. भारतात या रकमेवर कर भरलेलाच नसल्याने परदेशी कराची वजावटही मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव मुलाचे, पण धान वडील पिकवतात आणि आधारभूत खरेदी केंद्रावरचा चुकारा त्यांच्याच खात्यात येतो, अशी घरे गोंदिया जिल्ह्यात असंख्य आहेत. ते उत्पन्न नेमके कोणाचे, हे कोणतेही सॉफ्टवेअर विचारत नाही. असा प्रश्न असेल तर भारतीय उत्पन्नाची कामे करणाऱ्या सीपीए किंवा एनरोल्ड एजंट अशा करसल्लागाराकडे एकदा पैसे मोजून जावे आणि मिळालेला सल्ला लेखी घ्यावा. पुढची वर्षे त्याच चाकोरीत स्वतः भरता येतात.

एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापते. दोन देशांतल्या करारानुसार व्याजावरचा कर साधारण १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, आणि अमेरिकेत वजावटही तेवढीच मागता येते. जास्तीचा कापलेला कर भारतातच विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. वजावट मागण्याचा फॉर्म १११६ बऱ्याच स्वस्त सेवा भरतात, पण कित्येकांच्या मोफत योजनेत तो नसतो. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर, म्हणून बँकेकडून व्याजाचा तिमाही तपशील मागवून ठेवावा. न्यू जर्सी राज्य परदेशी देशाला भरलेल्या कराची वजावट देतच नाही.

भारतीय म्युच्युअल फंड ही सर्वांत काटेरी बाब. अमेरिकी कायदा त्यांना निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी मानतो आणि दर फंडामागे स्वतंत्र फॉर्म ८६२१ मागतो. लहान रकमांना काही सूट आहे, पण फंड विकला की ती बहुधा उपयोगी पडत नाही. टर्बोटॅक्ससारखी मोठी सेवाही हा फॉर्म भरत नाही. एसआयपी चालू असलेल्याने मोफत सेवेच्या मागे लागण्याआधी तिची ‘आम्ही भरत असलेले फॉर्म’ ही यादी उघडून ८६२१ आणि ८९३८ शोधावेत. ८९३८ हा परदेशी मालमत्तेचा फॉर्म विवरणपत्रासोबत जातो. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीस ५०,००० किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलर आहे, एकत्र भरणाऱ्या पती-पत्नीसाठी याच्या दुप्पट.

परदेशी बँक खात्यांचा अहवाल, ज्याला एफबार म्हणतात, तो यापेक्षा वेगळा आहे. भारतातल्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी तो भरावा लागतो. वडिलांबरोबरचे संयुक्त खाते त्यात पूर्ण रकमेने धरायचे असते, पैसा वडिलांचा असला तरी. धानाचा चुकारा आणि ठेव एकाच महिन्यात जमा झाली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. एफबारवर कर नाही, पण तो न भरण्याचा दंड मोठा आहे. तो आयआरएसकडे नव्हे, अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाच्या संकेतस्थळावर थेट आणि विनामूल्य भरता येतो. त्यासाठी शुल्क मागणाऱ्याला पैसे द्यायची गरज नाही.

पत्नी किंवा पती एच-४ व्हिसावर असून सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर एकत्र विवरणपत्रासाठी आधी आयटीआयएन लागतो. त्याचा अर्ज, फॉर्म डब्ल्यू-७, पहिल्या खेपेस साधारणपणे कागदी विवरणपत्रासोबत टपालाने जातो. त्या वर्षी ऑनलाइन सेवा फक्त फॉर्म तयार करून छापण्यापुरती उपयोगी. ई-फाइलचे शुल्क घेणारी योजना घेण्यात अर्थ नाही.

पैसे भरण्याच्या पानावर दोन गोष्टी जपाव्यात. ‘शुल्क परताव्यातून कापा’ हा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यासाठी वेगळे शुल्क लागते. आणि करविषयक माहिती इतर कामासाठी वापरण्याची संमती मागणारे पान आले तर नकार देता येतो. नकार दिला म्हणून विवरणपत्र अडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये द मार्कअप या संस्थेने काही नामांकित करसेवांच्या पानांवरून ग्राहकांची आर्थिक माहिती फेसबुकच्या कंपनीकडे जात असल्याचे उघड केले होते, म्हणून हा नकार निष्काळजीपणे सोडू नये. मुदत १५ एप्रिल. फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळते, पण कर भरण्याची तारीख वाढत नाही.

भारताकडची बाजू त्या मानाने सोपी आणि पूर्ण विनामूल्य आहे. आयकर खात्याचे ७ जून २०२१ रोजी सुरू झालेले पोर्टल उत्पन्नाची कोणतीही मर्यादा न ठेवता सर्वांना विवरणपत्र भरू देते. क्लिअरटॅक्स, क्विको यांसारख्या खासगी सेवा पैसे घेऊन मदत करतात. नुसते व्याज आणि शेती असलेल्याला त्यांची गरज क्वचितच पडते. भारताच्या कर कायद्याने अनिवासी ठरणाऱ्याला आयटीआर-१ चालत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ भरायचा. पाच लाखांवर शेती उत्पन्न असेल तर जमिनीचा जिल्हा आणि क्षेत्र नोंदवावे लागते. कलम ८७अ ची कर सवलत अनिवासीला मिळत नाही, त्यामुळे गावातल्या भावाचा हिशेब त्याला लागू होत नाही. अडचण येते शेवटच्या पायरीवर. भरलेले विवरणपत्र ३० दिवसांत पडताळावे लागते, आणि आधारचा ओटीपी केशोरीत घरी ठेवलेल्या सिमवर जातो. नेट बँकिंगमधून पडताळणी केली तर हा प्रश्न येत नाही. तेही जमले नाही, तर सही केलेला आयटीआर-व्ही टपालाने बंगळुरूच्या केंद्राकडे त्याच मुदतीत पोहोचायला हवा.