खेळ कोठें बिघडतो

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातांतील व्हिडिओ गेमांविषयीं आम्ही लिहूं लागलों हें पाहून पालकांस उपदेशाची अपेक्षा वाटेल व तुम्हांस धास्ती. दोन्ही व्यर्थ आहेत. खेळ किती वेळ खेळावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमचें कुतूहल निराळें आहे. एखादा गेम मध्येंच अडला कीं वर्गांत एकच निकाल ऐकूं येतो, ‘करणाऱ्याला कांहीं येत नव्हतें.’ हा निकाल आम्हांस पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण अमेरिकेंतील एका गृहस्थांच्या हकीकतींत आहे.

हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ हे अटारी कंपनींत प्रोग्रामर होते. सन १९८२ मध्यें त्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ हा गेम बाजारांत आला. त्यावर त्यांनीं कित्येक महिने खर्चिले होते, आणि तो आजही नांवाजला जातो. त्याच वर्षीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ चित्रपटावरून गेम करण्याचा हक्क कंपनीनें मोठी रक्कम मोजून घेतला. बोलणीं संपतां संपतां जुलै उजाडला. माल तर नाताळच्या बाजारास पाहिजे. वॉर्शॉ यांना अवघे पांच आठवडे मिळाले. गेम वेळेवर झाला खरा, परंतु त्यांतील पात्र पुनःपुन्हां खड्ड्यांत पडे, व मुलें त्रासून खेळ टाकून देत. न खपलेला माल सन १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या जागेंत पुरण्यांत आला. सन २०१४ मध्यें तो उकरला, तेव्हां त्यांत ‘ई. टी.’च्या प्रती सांपडल्या. हात तोच, डोकें तेंच. फरक पडला तो पंचांगांत. आणि पंचांग ठरविणारांचें नांव खेळणाऱ्या पोराच्या ओठीं कधीं येत नाहीं!

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर पोलंडांतील सी. डी. प्रॉजेक्ट रेड या संस्थेचा ‘सायबरपंक २०७७’ घ्या. जादा कामाची सक्ती करणार नाहीं, असें चालकांनीं सन २०१९ मध्यें सांगितलें होतें. पुढें तारीख तीनदां ढकलली गेली, आणि अखेरच्या आठवड्यांत सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला. १० डिसेंबर २०२० रोजीं गेम निघाला. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळला कीं सुमारें आठवडाभरांत सोनी कंपनीनें आपल्या ऑनलाइन दुकानांतून तो काढून घेतला. पुढच्याच महिन्यांत संस्थापकांपैकीं एकानें जाहीरपणें सांगितलें कीं, काम करणारांस दोष देऊं नका, निर्णय वरिष्ठांचा होता. मग सावकाश दुरुस्ती झाली, आणि सन २०२३ पर्यंत लोक तोच गेम वाखाणूं लागले.

अर्थात् वेळ दिला कीं सर्व साधतें असेंही नव्हे. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ सन १९९७ मध्यें जाहीर झाला तो २०११ मध्यें हातीं आला. नवें तंत्र दिसलें कीं हातांतलें मोडून पुन्हां आरंभ. ‘आतां पुरे’ म्हणणारा कोणी नव्हता. फळ फिकें निघालें.

आम्हांस विशेष आदर वाटतो तो निन्टेंडोचे माजी अध्यक्ष सातोरू इवाता यांच्याविषयीं. हे स्वतः प्रोग्रामर म्हणून वाढलेले. कंपनीचे दिवस फिरले तेव्हां सन २०१४ मध्यें त्यांनीं कांहीं महिने आपलें वेतन निम्म्यावर आणलें. माणसें कमी करा म्हणणारांस त्यांचें उत्तर असें कीं, नोकरीच्या भीतीखालीं वावरणारांच्या हातून लोकांचें मन हालविणारा खेळ निपजेल असें आपणांस वाटत नाहीं.

हा विषय आम्हांस दूरचा नाहीं. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास गेममधील दोष शोधण्याचें काम करतो. गेल्या उन्हाळ्यांत त्याचे वडील आम्हांकडे आले. ‘सर, पोरगा रात्रीं एकला घरीं येतो. खेळ तपासायला एवढा उशीर कां होतो?’ आम्हीं मुलासच गांठून विचारलें. तो म्हणाला, ‘सर, दोष आम्हांला सांपडतात, त्यांची नोंदही होते. पण तारीख हलत नाहीं.’ वडिलांस हें आम्हीं जसेंच्या तसें सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं विचारलें, ‘म्हणजे पोरगा कामांत कच्चा नाहीं ना?’

‘मुळींच नाहीं,’ आम्हीं म्हटलें.