बदलीच्या गावी पाटा-वरवंटा

व्याकरणात भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ सांगितले आहेत. परंतु मनुष्याच्या आयुष्यात आणखीही एक काळ असतो, आणि त्याची दखल कोणत्याही वैयाकरणाने घेतलेली नाही. साखरपुडा झाला आहे आणि लग्न व्हावयाचे आहे, अशा अवस्थेतील माणसाचा तो काळ. शब्द दिलेला असतो म्हणून तो मोकळा नसतो, आणि सप्तपदी झालेली नसते म्हणून तो संसारीही नसतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या सरकारी नोकराची स्थिती याहून फारशी निराळी नाही. तो जेथे राहतो तेथला नसतो, आणि जेथला असतो तेथे राहत नाही. भिंतीवर खिळा ठोकताना त्याचा हात अडखळतो. खाट घ्यावयाची तर घडीची, कपाट घ्यावयाचे तर सुटे होणारे, आणि स्नेह जोडावयाचा तोही शक्य तो गुंडाळून नेता येईल असा!

गेल्या उन्हाळ्यात हे दोन्ही काळ माझ्या वाट्याला एकदमच आले. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून कलकत्त्यास येऊन मला चार वर्षे झाली होती. मार्गशीर्षात आमचा साखरपुडा झाला. माघात लग्न व्हावयाचे होते. मध्येच तिच्या आजी निवर्तल्या आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत कार्य करावयाचे नाही असे दोन्ही घरांनी ठरविले. ती पुण्यास दुसऱ्या एका केंद्रीय खात्यात होती. खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर फाल्गुनात तिच्या हाती बढतीचा हुकूम पडला, आणि त्यात बदलीचे गाव म्हणून कलकत्ता लिहिले होते. नातेवाइकांनी हा ईश्वरी संकेत मानला. मी इतकी वर्षे सरकारी हुकूम वाचीत आलो आहे, त्यामुळे मला हा निव्वळ योगायोग वाटला. पतिपत्नी दोघेही नोकरीत असल्यास त्यांना होता होईल तो एकाच गावी ठेवावे, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. १९८६ साली त्याची सूत्रे ठरली आणि २००९ साली ती अधिक पक्की झाली. परंतु त्या परिपत्रकात वाग्दत्त वधूवरांचा उल्लेख नाही. सरकारच्या लेखी आम्ही अद्याप एकमेकांचे कोणीच नव्हतो.

कालीघाटाच्या बाजूस माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तिची सोय भवानीपुरात एका वृद्ध बंगाली बाईंच्या घरी झाली. त्यांना सगळी गल्ली ‘माशीमा’ म्हणते. आम्हीही म्हणू लागलो. दोन घरांमध्ये पायी पंधरा मिनिटांचे अंतर. कचेरी सुटल्यावर ती विधाननगराकडून आणि मी बिनय-बादल-दिनेश बागेकडून, असे धर्मतल्यास भेटत असू, आणि मग जदुबाबूच्या बाजारात भाजी घेऊन घरी येत असू. स्वयंपाक माझ्याकडे दोघांनी मिळून करावयाचा, आणि नऊच्या आत तिला माशीमांच्या दारी पोचवावयाचे, असा परिपाठ होता. माशीमांनी तो घातलेला होता आणि घड्याळही त्यांचेच चाले.

येथील उन्हाळ्याचे वर्णन मी अकोल्याचा मनुष्य कसे करू? आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. परंतु ती होळी कोरडी असते. वाळ्याच्या ताट्या भिजवाव्या, कूलर लावावा, की दुपार निभावते. कलकत्त्यात पारा अडतिसावर थांबतो, परंतु हवाच मुळी पाण्याने भरलेली. तिच्यात आणखी पाणी मावत नाही, म्हणून अंगचा घामही वाळत नाही आणि कूलरचा काही उपयोग होत नाही. अशा चार-सहा दिवसांच्या काहिलीनंतर एखाद्या सायंकाळी वायव्येकडून, छोटा नागपूरच्या पठाराच्या दिशेने, काळेभोर ढग उठतात, धूळ उडते, खिडक्या आपटतात आणि पाऊण तासात सारे शहर धुऊन निघते. यालाच येथे कालबैशाखी म्हणतात. पहिली कालबैशाखी आली त्या संध्याकाळी आम्ही दोघे बाजारात एका ताडपत्रीखाली उभे होतो. भाजीवाल्याने तिच्या डोक्यावर रिकामे पोते धरले आणि म्हणाला, “बौदी, आत या.” बौदी म्हणजे वहिनी. परिपत्रकाला जे नाते दिसत नव्हते, ते त्या भाजीवाल्याने एका शब्दात मंजूर करून टाकले होते.

नात्यांच्या शब्दांवरून आठवले. साखरपुडा झाल्यापासून एकमेकांस कसे संबोधावे हा आमच्यापुढे प्रश्नच होता. ती मला ‘तुम्ही’ म्हणे. ‘अहो’ म्हणण्यास वेळ होता, आणि ‘तू’ तिच्या जिभेवर येत नव्हते. बंगालीत परक्यासाठी ‘आपनि’, अगदी सलगीच्या माणसासाठी ‘तुइ’ आणि या दोहोंच्या मध्ये ‘तुमि’ अशा तीन पायऱ्या आहेत. नवराबायको एकमेकांस ‘तुमि’च म्हणतात. कानाला आपल्या ‘तुम्ही’सारखा लागणारा हा शब्द मनाने मात्र आपल्या ‘तू’च्या शेजारी बसतो. माशीमांकडून बंगाली शिकता शिकता तिने तो उचलला. आदर सुटल्याचे घरच्यांना वाटू नये आणि अंतर राहिल्याचे आम्हांला वाटू नये, अशी दुहेरी सोय त्या एका परक्या शब्दाने केली.

चैत्रात तिने माशीमांच्या खोलीत गौर बसविली. पुण्याहून येताना पितळेची लहानशी अन्नपूर्णा ती रुमालात गुंडाळून घेऊन आली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी कैऱ्या मिळाल्या, हरभऱ्याची डाळ भिजली, पण ती वाटावयाची कशावर? यंत्रात फिरविली तर तिचे पीठ होते. तेव्हा माशीमांनी आपला ‘शील-नोडा’ पुढे सरकविला. आपला पाटा-वरवंटाच तो. त्यावर जन्मभर मोहरी आणि खसखस वाटली गेलेली. त्यामुळे आमच्या वाटल्या डाळीला मोहरीचा किंचित झणका आला. पन्हे पाहून माशीमा म्हणाल्या, “आम्ही कैरी उकडत नाही, निखाऱ्यावर भाजतो, आणि वेलची नव्हे, भाजलेले जिरे व काळे मीठ घालतो.” पुढच्या रविवारी त्यांनी ते ‘आमपोडा शरबत’ करून पाजले. कैरी तीच आणि उन्हाळाही तोच. फरक इतकाच की आम्ही तिला पाण्यात घालतो आणि हे लोक विस्तवावर ठेवतात.

त्या माशीमांना आमची थट्टा करावयाची लहर आली म्हणजे त्या आम्हांला ‘बर्गी’ म्हणत. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी १७४२ पासून बंगालवर ज्या चढाया केल्या, त्यांची आठवण येथील अंगाईगीतांत अजून टिकून आहे. त्या स्वारांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणण्यात आला. त्याचे नावच मराठा खंदक. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता निघाला. एका संध्याकाळी त्याच रस्त्याच्या कडेला ताडगोळे सोलून खाताना ती हसत म्हणाली, “आपले लोक इथं येऊन चौथाई वसूल करून परत गेले. राहिले कोणीच नाही.” त्या वेळी मी तो विनोद समजलो.

ज्येष्ठ लागता लागता कचेरीत एक परिपत्रक फिरले. नागपूरच्या कचेरीत काही जागा रिकाम्या झाल्या होत्या. इच्छुकांनी महिनाअखेर विकल्प कळवावा. ते वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आईचे मोतीबिंदू आले. बाबांचा दूरध्वनी आला तो आज्ञेच्याच सुरात: “ताबडतोब भरून टाक. लग्नानंतर नियमाप्रमाणे तिचीही होईल.” परंतु नियमात ‘होता होईल तो’ हे शब्द आहेत, आणि त्यांचे सामर्थ्य सरकारी नोकरालाच ठाऊक. तिला नव्या जागेवर तीन वर्षे काढावयाचीच होती. मी गेलो असतो, तर आमचा संसार दोन गावी आणि एका अर्जावर सुरू झाला असता.

नेमक्या त्याच आठवड्यात घरी पाटा-वरवंटा घ्यावा असे तिने सुचविले होते. कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी, पंचवीस वर्षांत सात गावे फिरलेले, हे ऐकून म्हणाले, “बदलीच्या माणसाने दगड कधी विकत घेऊ नये. भांडी नेता येतात, पुस्तके नेता येतात, दगड मागे टाकावा लागतो.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. मी ते तिला सांगितले. ती काहीच बोलली नाही. मात्र रविवारी श्रीरामपूरला जाऊ या, असे म्हणाली.

हावड्याहून लोकलने गंगाकाठच्या या गावी अर्ध्या-पाऊण तासात पोचता येते. मराठी माणसाने येथे एकदा तरी यावे. विल्यम कॅरे याने फोर्ट विल्यम महाविद्यालयातील वैजनाथ पंडितांच्या साह्याने रचलेले मराठीचे व्याकरण १८०५ साली येथेच छापले गेले. १८१० साली कोशही निघाला. परंतु ती आली होती ती दुसऱ्याच कारणासाठी. १८१८ साली स्थापन झालेल्या येथील महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे भर सभेत इंग्रजीतून सांगितले. तेव्हा त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकर, म्हणजे आमच्यासारखेच बदलीचे धनी. १८८१ साली त्यांची बदली कलकत्त्यास झाली, आणि पुढे त्यांचे बिऱ्हाड या श्रीरामपुरात आले. माझ्या कचेरीच्या वाटेवर मोठ्या टपालकचेरीचा पांढरा घुमट लागतो. तो १८६८ पासून तेथे उभा आहे. तेव्हा त्या दोघांनीही तो पाहिला असणारच. त्या भाषणात त्यांनी ‘तुम्ही एकट्या का जाता?’ या प्रश्नाचेही उत्तर दिले. दोघांनी मिळून जावे असा प्रथम बेत होता. परंतु पैसा अपुरा, आणि घरची माणसे गोपाळरावांच्या पगारावर अवलंबून. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने यजमानांवाचून निघाल्या.

नदीच्या पायऱ्यांवर बसून ती बराच वेळ पलीकडच्या बराकपूरकडे पाहत होती. मी म्हणालो, “दोन वर्षांच्या बिऱ्हाडात त्यांनी काय काय केले!” ती म्हणाली, “गोपाळराव काही सोपे गृहस्थ नव्हते, आणि तिने काय सोसले ते तिलाच ठाऊक. पण बदली पुन्हा होईल, तोवर थांबू, असे त्या दोघांनी म्हटले नाही.” मग थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाली, “नागपूरला जायचे असेल तर मी अडवणार नाही. आईंच्या डोळ्यांसाठी जायचे असेल तर अवश्य जा. पण इथं आपले काही मांडलेलेच नाही, म्हणून जाऊ नका.” त्या दिवशी ती पुन्हा ‘तुम्ही’ म्हणाली, हे माझ्या लक्षात आले.

त्या रात्री मी आईशी बोललो. आई म्हणाली, “माझे डोळे अकोल्यात, आणि तू असणार नागपुरात. शनिवार-रविवारी येशील, एरवी शेजारची मुलेच मला दवाखान्यात नेणार, ती आताही नेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पंधरा दिवस रजा काढ म्हणजे झाले. आणि मला एकदा दक्षिणेश्वर दाखव.” विकल्पाचा कागद मी कोराच परत केला. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले, पण त्या विषयावर नाही. श्रावणात आईची शस्त्रक्रिया झाली. मी पंधरा दिवस जवळ होतो. सोळाव्या दिवशी गाडीत बसताना मन हलके नव्हते, आणि ते तसे होते असे मी येथे लिहिणारही नाही. दूर राहण्याची किंमत असते, आणि ती हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. आपण सर्वच ती देत असतो.

आषाढाच्या पहिल्या पावसानंतर आम्ही बाजारातून पाटा-वरवंटा आणला. हातरिक्षावाल्याने वर दोन रुपये जास्त घेतले, इतका तो जड. त्याला टाके घालणारा कारागीर गल्लीतून ‘शील काटाओ’ अशी हाक देत आला, तेव्हा माशीमांनीच त्याला वर बोलाविले. हे कारागीर दगडावर बहुधा मासा कोरतात. तिने त्याला कागदावर कोयरी काढून दाखविली. त्याने मान हलविली, छिन्नी चालविली, आणि अर्ध्या तासाने जे कोरून दिले त्याला खालून कोयरीचा बाक आहे आणि वरून माशाचा डोळा. माशीमा त्याला मासा म्हणतात आणि ती कोयरी म्हणते. माघात कार्य आहे. परंतु त्या पाट्यावर रोजची चटणी तेव्हापासूनच वाटली जाते.