माणदेशातला गोठा

सातारा-दहिवडी-म्हसवड या रस्त्याने एस.टी.तून निघालात, की हिरवा रंग हळूहळू मागे पडतो. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यातला हा माण तालुका मात्र पर्जन्यछायेत. माळरान, बाभळी, आणि दारात खिलार गाय नाहीतर चार शेळ्या. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा असते. दर्शन जरूर घ्या. पण मैत्रिणींनो, एखाद्या गोठ्यातही डोकावून या.

2012-13 आणि 2019 च्या दुष्काळात याच म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालवली. माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने तिथेच राहिली. “घरदार सोडून जनावरांमागं जायचं?” असे मी एका आजींना विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, दावणीला आपणच बांधलं ना? मग पाणी कुणी पाजायचं?”

तुम्ही म्हणाल, परवडत नसेल तर विकावे. पण दुष्काळात सगळेच विकायला निघतात नि भाव पडतो. 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. मग थकलेला बैल घेणार कोण? कायद्याने जीव वाचतो खरा, पण वैरण काही येत नाही!

दुसरी बाजूही ऐका. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक तापवतो. त्याचा चटका पुन्हा याच गोठ्याला! संकरित गाय दूध भरपूर देते, पण तिला ऊन सोसवत नाही. खिलारला सोसते, पण तिचे दूध बेताचेच.

मग जनावरे पाळूच नयेत का? मला तसे वाटत नाही. शेळी म्हणजे इथल्या बाईची अडीनडीची पुंजी. मात्र घरच्या कडब्यावर आणि पाण्यावर जगतील तेवढीच पाळावीत, हे बरे. आणि हा हिशेब एकट्या तिनेच का करावा? दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागले की आपण कुरकुरतो, आणि उरलेले खुशाल मोरीत ओततो. त्या दुधात तिचे पाणी, तिची पहाट असते.

तेव्हा म्हसवडला गेलात, तर गोठ्यातल्या बाईला एवढे जरूर विचारा, “यंदा वैरण किती महिन्यांची आहे?”