बावीस नंबरची पाठवणी

निरोप समारंभांच्या बाबतीत मी बऱ्यापैकी मुरलेला माणूस आहे. बँकेतल्या छत्तीस वर्षांत निदान साठ-सत्तर जणांना तरी मी शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवले. त्यांतल्या निम्म्यांच्या जाण्याने शाखेचे काम सुधारले, हा भाग वेगळा. पण भाषणात ‘पोकळी’ निर्माण केल्याशिवाय आम्ही एकालाही सोडले नाही. क्रिकेटमधलेही निरोप पाहिले. २०१३ साली वानखेडेवर सचिन निवृत्त झाला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. मनाची तयारी करायला आपल्याला चोवीस वर्षे मिळाली होती. हे सगळे निरोप कसे रीतसर. माणूस थकतो, मग जातो.

अमेरिकेत आयोवा सिटीला मात्र मी एका बावीस वर्षांच्या मुलीला निरोप देऊन आलो, आणि तोही ती ऐन भरात असताना. कॉलेजच्या खेळाची रीतच अशी निर्दय. चार वर्षे झाली की निघायचे. खेळ नुकता पिकायला लागलेला असतो, आणि पोर उंबरठ्यावर!

आता मी आयोवात कसा, हे सांगायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही गेलो. बाळंतपणाला आई लागते; बाप हा त्या आईबरोबर फुकट नेता येणारा डाग. नोव्हेंबरात नात झाली, आणि मला काम मिळाले ते संध्याकाळचे : दूध प्यायलेल्या नातीला खांद्यावर घेऊन तिची ढेकर काढणे. ढेकर येईपर्यंत टीव्ही बघायची मुभा होती. टीव्हीवर आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क होती.

मुंबईकराला बास्केटबॉल नवा नाही. नागपाड्याच्या पोरांचा खेळ तरुणपणी मी तारेच्या जाळीला नाक लावून पाहिला आहे. पण तिथे कुणी मैदानाच्या मध्यावरून बास्केटकडे चेंडू भिरकावला असता, तर कप्तानाने त्याला कानाला धरून बाहेर बसवले असते. ही बया ते बिनदिक्कत करायची. तीन गुणांची रेघ बास्केटपासून बावीस फुटांवर; ही तिच्याही मागे आठ-दहा फूट थांबून असा चेंडू सोडायची, की जणू पत्रपेटीत पत्र टाकते आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनविरुद्ध तिने महिलांचा एनसीएएचा विक्रम मोडला, तो असल्याच एका लांबच्या फेकीवर. सामना सुरू होऊन अडीच मिनिटेही झाली नव्हती. आमच्या नातीने नेमक्या त्याच क्षणी ढेकर दिली.

सौ.ने जन्मात क्रिकेट पाहिलेले नाही. पण दोन आठवड्यांत तिने केटलिनची ‘केतकी’ केली.

“अहो, केतकी आज दमलेली दिसते. नीट जेवत नाही वाटतं.”

“चाळीसच्या वर गुण केलेत तिनं.”

“तेच म्हणते मी. उपाशीपोटी!”

विक्रमांचा हिशेब मात्र माझ्या खात्यात. केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे पडले. मग लिनेट वुडर्डचे ३,६४९. ही वुडर्ड १९८१ पर्यंत कॅन्ससकडून खेळली. पण त्या काळी बायकांच्या कॉलेज-खेळाचा कारभार दुसऱ्याच संस्थेकडे होता, म्हणून एनसीएएच्या वहीत तिचे खातेच नाही. बँक मिटली म्हणून ठेव खोटी ठरते काय? मी हिशेब तपासनीस असतो तर लाल शाईने शेरा मारला असता. ३ मार्चला पीट मॅराविचचे ३,६६७ही ओलांडले गेले. तेही फ्री थ्रोवर, म्हणजे दिवाळीचा किल्ला बांधून झाल्यावर वर शिवाजी ठेवावा तितक्या शांतपणे. मॅराविचने आपले गुण तीनच वर्षांत, तेही तीन गुणांची रेघ नसताना केले होते. हेही त्याच वहीत लिहिलेले बरे.

शेजारच्या आजीबाईंना यातल्या कशाचेच नवल नव्हते. आयोवातल्या मुली १९२० पासून राज्य स्पर्धा खेळताहेत. फार वर्षे तिथे सहा-सहा मुलींचा वेगळा खेळ चाले : तीन जणींनी हल्ला करायचा, तीन जणींनी बचाव, मधली रेघ ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पा घ्यायचा. १९९३ मध्ये तो बंद झाला. आजीबाई तो खेळल्या होत्या. “त्यांना फक्त अर्धंच मैदान दिलं होतं,” सौ. मला रात्री म्हणाली. “आणि ही पोरगी बघा. सगळं मैदान हिचं.”

करोनाच्या वर्षाची भरपाई म्हणून केतकीला कॉलेजात आणखी एक वर्ष राहता आले असते. २९ फेब्रुवारीला तिने जाहीर केले की नको. वर्षातल्या जादा दिवशी जादा वर्ष नाकारले! घरात त्या दिवशी आमटीत मीठ नव्हते.

जावयाच्या एका सहकाऱ्याने आयत्या वेळी दोन तिकिटे दिली, म्हणून २५ मार्चचा, तिचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आम्ही प्रत्यक्ष पाहिला. हे कार्व्हर-हॉकाय सभागृह म्हणजे एक प्रचंड विहीर आहे. दरवाजा वर, मैदान खाली. पाऊण लाख वस्तीच्या गावातले पंधरा हजार लोक काठावरून आत डोकावत होते. वेस्ट व्हर्जिनियाने छळले. शेवटी शेवटी बरोबरी झाली तेव्हा सौ.ने पर्समधून जपमाळ काढली. ६४–५४ असा सामना जिंकला. त्यातले ३२ गुण केतकीचे.

सामना संपला, पण माणसे जागची हलेनात. पुढच्या रांगेतल्या, माझ्याच वयाच्या एका बाई बावीस नंबरचा सदरा घालून हमसाहमशी रडत होत्या. सौ. डोळे पुसत म्हणाली, “थंडी फार आहे हो इथली.” आत हीटर चालू होता. मी मफलर सारखा केला.

आमची परतीची तिकिटे १० एप्रिलची होती. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हते. सगळे केतकीच्या जाण्याबद्दल बोलत. लेक बाळाला न्हाऊ घालताना म्हणायची, “आई, ती गेल्यावर इथे करमणार नाही गं.” सौ. म्हणायची, “रीतच आहे बाई. नाद लावतात आणि जातात.”

७ एप्रिलला अंतिम सामना साउथ कॅरोलायनाने ८७–७५ असा जिंकला. त्या मुली अख्ख्या मोसमात एकदाही हरलेल्या नव्हत्या. एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक अमेरिकनांनी तो टीव्हीवर पाहिला. आमचे चौघांचे आणि एका झोपलेल्या बाळाचे घर त्यातच धरा.

केतकीचे सासर ठरायचे तेवढे राहिले होते. तिकडे मुलीला पसंती विचारत नाहीत. व्यावसायिक संघांपैकी जे जास्त हरलेले असतात त्यांच्यात सोडत निघते, आणि पहिली चिठ्ठी ज्याची त्याला पहिली निवड. १६ एप्रिलच्या पहाटे, गिरगावात परतल्यानंतर, आम्ही तो सोहळा उठून पाहिला. इंडियाना फीवर. घराण्याचे नावच ‘ताप’!

“इंडियाना लांब आहे का हो केतकीच्या माहेराहून?” सौ.ने चहा गाळता गाळता विचारले.

“आयोवा सिटीहून मोटारने सहा तास.”

“सहाच?” ती म्हणाली. “म्हणजे कोल्हापूरपेक्षा जवळच की. सणावाराला यायला होईल तिला.”

मग बशीत चहा ओतून तिने लेकीला फोन लावला.