चौऱ्याण्णवचा आकडा

मल्लेश्वरममधल्या जुन्या घरांत वायफाय पसरवणं अवघड जातं. १८९८च्या प्लेगनंतर बेंगळुरूची दाट पेठ सोडून माणसं इकडे मोकळ्या हवेला राहायला आली. उंच छतं, जाड विटांच्या भिंती, मागे परस अशी काही घरं संपिगे रोडच्या आसपासच्या क्रॉसेसवर, म्हणजे आडव्या रस्त्यांवर, अजून उभी आहेत. पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत थकतो. मग मेश येतं: खाली मुख्य राउटर, माडीवर आणि मागच्या खोलीत नोड. नोडने डेटा हवेतूनच उचलायचा म्हटलं तर त्याच भिंती पुन्हा आडव्या येतात, म्हणून नोडपर्यंत तार ओढायचा मी आग्रह धरतो. तार ओढली की घरच्यांना वाटतं काम झालं. माझं मोजमाप तिथून पुढे सुरू होतं.

बहुतेक जण फोनवरची स्पीडटेस्ट दाखवतात. त्या एका आकड्यात बाहेरची लाइन, राउटर, तार, नोड आणि फोनचं वायफाय असं सगळं मिसळलेलं असतं. दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातून कळत नाही. मेशचं अॅपही बऱ्याचदा नोड तारेने जोडलाय एवढंच सांगतं, किती वेगाने ते सांगत नाही. म्हणून मी लॅपटॉपचं वायफाय बंद करतो, नोडची तार काढून लॅपटॉपला लावतो आणि लिंक स्पीड बघतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो दिसतो, लिनक्सवर इथटूल सांगतं. तिथे १००० मेगाबिट हवेत. लॅपटॉपला लावायचा अॅडॉप्टरही गिगाबिटचाच हवा, नाहीतर आपलंच माप खोटं.

स्पीडटेस्टमध्ये ९४ दिसले की माझं लक्ष लगेच तारेकडे जातं. शंभर मेगाबिटच्या लिंकवर प्रत्येक पॅकेटसोबत पत्त्याची, तपासणीची माहिती जाते आणि दोन फ्रेममध्ये थोडी जागा सोडावी लागते. हे वजा जाता हाती साधारण ९४ उरतात. गिगाबिटवर याच हिशोबाने ९४० मिळतात. तेव्हा तीनशेचा प्लॅन असताना आकडा ९४वर ठाण मांडून बसला, तर प्रोव्हायडरला फोन लावण्याआधी घरातली तार बघावी.

पंधराव्या क्रॉसजवळ एका मराठी काका-काकूंकडे असंच झालं होतं. मुलगा परदेशात, रात्रीचा व्हिडिओ कॉल माडीवरून. "खाली छान दिसतो रे, वर आलं की चेहरा अडकतो," काकू म्हणाल्या. वरच्या तारेची लिंक १०० निघाली. लॅन टेस्टर लावला तर एक ते सात दिवे पेटले, आठवा नाही. शंभर मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी तुटली तर बरीच उपकरणं मुकाट्याने शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. भिंतीवरचा आयओ, म्हणजे तारेचा सॉकेट, उघडला. तपकिरी तार पंच करताना नीट बसलीच नव्हती आणि जोड्यांचे पीळ बोटभर उलगडून ठेवले होते. ते अर्ध्या इंचाहून जास्त सोडायचे नसतात. टोक कापून पुन्हा पंच केलं, लिंक १०००वर आली.

टेस्टरचे आठही दिवे पेटले म्हणजे तार चांगली, असं मात्र नाही. तो फक्त सलगता तपासतो. खरा भार टाकायला मी राउटरजवळ एक आणि वर एक असे दोन लॅपटॉप तारेने जोडून त्यांच्यामधला वेग मोजणारं आयपर्फ३ चालवतो, दोन्ही दिशांनी. एका दिशेला ९४० आणि उलट खूपच कमी, असं दिसलं की तार किंवा जोड संशयित. तारेचा तुकडा ब्लेडने खरवडूनही बघतो. वरचा तांबूस थर जाऊन आत चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. स्वस्तात मिळते म्हणून ही केबल सर्रास घातली जाते, पण ती वाकवताना तुटते आणि कॅट ५ई, कॅट ६च्या मानकांतही बसत नाही. मला तिचा मनापासून राग आहे, कारण भिंतीत गेलेली केबल कोणी सहज बदलत नाही.

माळ्यावरचा जुना स्विचही बघावा. तो १०/१००चा असेल, तर त्याच्या पुढचं सगळं घर शंभरवर चालणार.

दिवाळीआधी रंगकाम किंवा फॉल्स सीलिंग काढलं असेल, तर तारांचे पाइप बंद व्हायच्या आत प्रत्येक तारेचं माप घ्या आणि आकडे खोलीवार, तारखेसह लिहून राउटरच्या कपाटात चिकटवा. पुढे वेग घटला तर कोणत्या तारेचा आकडा बदलला, ते लगेच कळेल.