न जाणवणारा उजेड

परीक्षेच्या हंगामात उत्तरपत्रिकांवर वाकलेली मान निकाल लागताच सरळ होते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव. यंदा मात्र ती सरळ होईना. कोणी हाक मारली तर सबंध देहच फिरवावा लागे. तीन महिने सोसून अखेर आम्ही एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मानेचे व्यायाम घालून दिले आणि जोडीला मंद लेझरचा उपचार योजला.

लेझर म्हणजे पोलाद कापणारा किरण, एवढीच आमची समजूत! डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून आम्ही जीव मुठीत धरून बसलो. मानेला काहीतरी टेकले. पण ना ऊब, ना टोचणी. 'सुरू केव्हा करणार?' असे विचारता बाई हसून म्हणाल्या, 'सर, संपलंसुद्धा!'

हा प्रकार घरी सांगितला, तेव्हा आमची पत्नी सहज उद्गारली, 'म्हणजे सासूबाईंचा अंगाराच की!'

हे वाक्य आम्हांस मानेहूनही अधिक सलले. आमच्या मातोश्री आजारपणात आमच्या कपाळी अंगारा लावीत. आणि पदवीचा ताजा कैफ चढलेले आम्ही तो त्यांच्यादेखत पुसून टाकीत असू. 'पुरावा काय?' हा आमचा त्या वेळचा प्रश्न. तोच आता आम्हांस सोडविणे प्राप्त झाले.

लेझरचा जन्म १९६० सालचा. पुढे १९६७ साली बुडापेस्ट येथे एंड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर क्षीण लेझर सोडला. शोध चालला होता तो लेझरचा कर्करोगाशी संबंध काय, याचा. दिसले ते भलतेच. त्या उंदरांचे केस इतरांहून लवकर उगवले! तांबडा आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिका शोषून घेतात व त्यामुळे पेशींचे कार्य सुधारते, अशी आज एक प्रमुख उपपत्ती आहे. मात्रा मात्र बेताची हवी. ती वाढविल्यास गुण वाढण्याऐवजी उणावतो, असेही आढळले आहे.

पण उपपत्ती म्हणजे पुरावा नव्हे. येथे लेझरचे न जाणवणे उपयोगी पडते. काही रुग्णांच्या मानेवर चालू यंत्र टेकवावे, काहींच्या मानेवर तसेच दिसणारे बंद यंत्र. कोणास काय मिळाले हे त्यांस उमगत नाही. शेकण्याच्या पिशवीची अशी परीक्षा घेणे कठीण. ती तापली की निवली, हे कोणासही कळते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली मानदुखीवरील १६ तुलनात्मक चाचण्यांचा, एकंदर ८२० रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध झाला. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत वेदना कमी राहू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्येक दुखण्याच्या बाबतीत मात्र पुरावा इतका अनुकूल नाही.

आमची मान आता वळते. ते श्रेय लेझरचे, व्यायामाचे, उंच करून घेतलेल्या मेजाचे, की नुसत्या काळाचे, हे सांगवत नाही. एका मानेवरून सिद्धांत निघत नाही.

अंगारा अशा कसोटीस उतरेल असे आम्हांस आजही वाटत नाही. आमचा प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु तो अंगाऱ्याला विचारावयाचा होता. आम्ही दुखविले ते लावणाऱ्या हाताला. मातोश्री आज नाहीत. तो अंगारा कपाळावर एक रात्र राहू दिला असता, तर शास्त्राचे काही बिघडले नसते.